घरचा चहा, गरम आणि गार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत ‘कप’ म्हणजे १२० मिलीचा नेहमीचा चहाचा कप आणि ‘चमचा’ म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला चमचा. अशा चमच्यात दाणेदार चहापूड साधारण २ ते अडीच ग्रॅम मावते आणि साखर ४ ते ५ ग्रॅम. घरोघरचे चमचे फार वेगवेगळे असतात. एकदा आपल्या डब्यातला चमचा वजनकाट्यावर मोजून घ्या. ‘चहा रोज वेगळाच होतो’ ही तक्रार बऱ्याच घरी तिथंच मिटते.

१. दोन कप दुधाच्या चहाचं नेमकं प्रमाण काय?

पाणी पावणेदोन कप, दूध पाऊण कप, चहापूड २ चमचे, साखर अडीच ते ३ चमचे, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. बेरीज अडीच कप होते, पण हाती दोनच कप येतात. बाकीचं वाफेवाटे जातं, शिवाय भिजलेली पूड १५-२० मिली पाणी धरून ठेवते.

पातेल्यात गार पाणी आणि ठेचलेलं आलं एकदमच चढवा. उकळी आली की दोन मिनिटं उकळू द्या. साखर घाला, पूड घाला, गॅस मंद करा आणि दीड ते दोन मिनिटं थांबा. शेजारच्या शेगडीवर तापवलेलं दूध ओता. आच वाढवा, चहा वर चढून काठाशी आला की कमी करा. खाली बसला की पुन्हा एकदा वर येऊ द्या. गॅस बंद करून झाकण ठेवा, मिनिटभर मुरू द्या, मग गाळा.

दूध गरमच का? फ्रिजमधलं गार दूध ओतलं की चहाचा कढ मोडतो आणि तो परत यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पूड विनाकारण आत राहते.

२. काही जण पाणी, दूध, पूड, साखर सगळं एकदमच चढवतात. त्यात चूक काय?

चहा त्यानंही होतो, पण पूड जास्त लागते. चहाचा रंग आणि चव पाण्यात मोकळेपणानं उतरते. दूध आधीपासून असलं तर त्यातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, बांधून घेतं. त्यामुळे तुरटपणा कमी होतो, पण चहाची धारही जाते. म्हणून पूड आधी पाण्यात, दूध नंतर. साखर मात्र आधी घाला नाहीतर नंतर, चवीत फारसा फरक पडत नाही. घरात मधुमेही असतील तर ती कपातच घालावी.

३. चहा किती वेळ उकळायचा? कोणी म्हणतं एक उकळी पुरे, कोणी दहा मिनिटं उकळतं.

सगळ्यात जास्त चहा इथं बिघडतो. रंग, सुगंध आणि कॅफिनचा मोठा वाटा पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाण्यात उतरतो. त्यानंतर उकळत राहिलं की मुख्यतः टॅनिन उतरत राहतं, म्हणजे जिभेला ओढ आणणारा तुरटपणा. सुगंध तर उलट वाफेबरोबर उडून जातो. कडक चहा हवा असेल तर पूड वाढवा, वेळ वाढवू नका. दोन कपांना २ चमच्यांऐवजी अडीच चमचे घाला आणि वेळ तीच ठेवा.

घड्याळ नको असेल तर पातेल्यात बघा. पूड पडताच राखाडी-तपकिरी फेस वर येतो आणि दाणे त्यावर तरंगतात. मिनिटभरात दाणे भिजून जड होतात, फेस विरतो, बुडबुडे मोठे आणि स्वच्छ दिसू लागतात. पाणी गडद विटकरी होतं आणि चमच्यात घेतलं तर चमच्याचा तळ जेमतेम दिसतो. दूध घालायची वेळ हीच. तळ अजिबात दिसेनासा झाला असेल तर थोडा उशीर झालाय.

दूध घातल्यानंतरचं उकळणं वेगळ्या कारणासाठी असतं, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. पूड वाढवली तरी चहा फुळकवणीच होतो. का?

चार गोष्टी याच क्रमानं तपासा. पाण्याला खरी उकळी येण्याआधीच पूड पडते का? दूध निम्म्याहून जास्त आहे का? पूड जुनी किंवा हवा लागलेली आहे का? (प्रश्न २२) पाणी बोअरचं आहे का? (प्रश्न १२) या चारही ठीक असतील तर पुडीची जात बदला.

५. दुकानात ममरी, दाणेदार, बारीक, डस्ट, लीफ असे प्रकार असतात. घ्यायचा कोणता?

रोजच्या दुधाच्या चहाची पूड बहुतेक सीटीसी असते. क्रश, टेअर, कर्ल या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे गोल दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. पान इतकं फाटलेलं असल्यामुळे रंग झटकन उतरतो आणि दुधात चव दबत नाही.

ममरी म्हणजे याच सीटीसीचे मोठे टपोरे दाणे. त्याची चव गोलसर असते, पण उतरायला अडीच-तीन मिनिटं लागतात. बारीक पूड किंवा डस्ट मिनिटाभरातच गडद होते आणि तितक्याच लवकर कडवट होते. पंचवीस-तीस जणांच्या चहाला ती परवडते, दोन कपांना सांभाळावी लागते. रोजच्या वापरासाठी मध्यम दाण्याची आसामची पूड घ्या. बरेच वाणी ममरी आणि बारीक मिसळून देतात. दोन भाग ममरी आणि एक भाग बारीक, हे मिश्रण दुधाच्या चहाला फार छान लागतं.

लीफ म्हणजे अख्खं किंवा थोडं तुटलेलं पान. ते कोऱ्या चहासाठी आहे (प्रश्न १३).

६. दूध गाईचं की म्हशीचं? पिशवीतलं कोणतं?

पिशवीवरचा फॅटचा आकडा बघा. फुल क्रीम दुधात ६ टक्के, स्टँडर्ड दुधात साडेचार, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का फॅट असतं. प्रश्न १ चं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या दुधाला बसतं. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध असेल तर दोन चमचे दूध कमी करून तेवढं पाणी वाढवा. डबल टोन्ड असेल तर दूध एक कप आणि पाणी दीड कप घ्या. फॅट कमी असलं की चहा निळसर-राखाडी दिसतो. पूड वाढवून तो रंग सुधारत नाही.

७. आल्याचा चहा फाटतो. दूध तर ताजं असतं!

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातलं प्रथिन तोडतं आणि दूध जमवतं. दक्षिण चीनमध्ये तर याच गुणावर आल्याच्या रसात गरम दूध ओतून घट्ट गोड पदार्थ करतात. चहात मात्र ते नको असतं.

उकळत्या पाण्यात हे विकर निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळलंच पाहिजे. बिघडतं ते बहुधा तीन प्रकारांनी: आलं दुधाच्या वेळी किंवा नंतर पडतं, आलं-पूड-दूध एकदम चढवून मंद आचेवर तापवलं जातं, किंवा किसलेल्या आल्याचा रस शेवटी वरून पिळला जातो. मंद आचेवर तापवणं सगळ्यात वाईट, कारण कोमट ते मध्यम गरम अवस्थेत हे विकर जोरात काम करतं.

आलं किसू नका, खलबत्त्यात ठेचा. किसल्यावर रस किसणीला लागून राहतो आणि चोथ्याचे धागे गाळण्यात अडकतात. सुंठीचा हा त्रास जवळपास नसतो.

८. गुळाचा चहा हमखास नासतो. न फाटता कसा करायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.६ ते ६.८ असतो. गार दूध फाटायला तो ४.६ च्या आसपास उतरावा लागतो, पण उकळत्या दुधाला इतकी घसरण लागत नाही, ते बरंच आधी फाटतं. गूळ आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. पावसाळ्यात पाझरलेला, किंचित आंबूस वास येणारा गूळ आणखी आंबट असतो. त्यामुळे गूळ, दूध आणि उकळी ही तिन्ही एकत्र आली की चहा फाटतो. यातली एक बाजूला ठेवायची आणि सोयीची उकळीच आहे.

पाणी, आलं आणि पूड नेहमीप्रमाणे उकळा. दूध ओता, दोनदा वर येऊ द्या, गॅस बंद करा. पातेलं शेगडीवरून खाली उतरवा आणि मिनिटभर थांबा. आता किसलेला गूळ घाला, दोन कपांना ४ चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम. हलक्या हातानं ढवळा, विरघळला की लगेच गाळा. यानंतर पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. गूळ खड्यानं नव्हे, किसूनच घाला. खडा तळाशी बसतो आणि त्याच्याभोवतीचं दूध आधी फाटतं.

दुसरी पद्धत: पाणी, आलं, पूड आणि गूळ एकत्र उकळून कोरा चहा गाळून घ्या, दूध वेगळं गरम करा आणि दोन्ही कपात एकत्र करा. पाहुण्यांसाठी ही जास्त खात्रीची, कारण कोरा भाग परत गरम करता येतो.

खायच्या सोड्याची चिमूट टाकायचा सल्ला बरेच जण देतात. सोड्यानं आंबटपणा मारला जातो खरा, पण चहा काळपट होतो आणि साबणासारखी चव मागे राहते. गूळ बदलणं बरं.

९. आलं नाही, गूळ नाही, तरी चहा फाटला. आता?

दूध उतरणीला लागलं होतं. नुसतं तापवताना जे दूध तग धरतं ते चहात फाटू शकतं, कारण चहाही किंचित आम्लधर्मी असतो. शंका असेल तेव्हा वाटीभर कडक कोऱ्या चहात दोन चमचे दूध घालून उकळून बघा. आदल्या दिवशी तापवून बाहेर राहिलेलं दूध आणि ताजं दूध एकत्र करू नका. लिंबू किंवा चिंचेनं घासलेलं पातेलं नीट विसळलं नसेल, तरी हेच होतं.

१०. गवती चहा, वेलची, दालचिनी, पुदिना, हे कधी घालायचं?

जे कडक आहे ते आधी आणि जे सुगंधी आहे ते शेवटी. दालचिनी, लवंग, मिरी आणि आलं गार पाण्यातच टाका. गवती चहाची पाती, ज्याला कोकणात पातीचा चहा म्हणतात, धुऊन, दोन-तीन इंचांचे तुकडे करून, हातानं किंचित चुरगळून पाण्याला उकळी आली की घाला. दोन कपांना दोन लांब पाती पुरेत. त्याहून जास्त घातली की औषधासारखा वास येतो. वेलची सालीसकट ठेचून दुधाबरोबर. जायफळ, केशर आणि पुदिना गॅस बंद केल्यावर, झाकण ठेवायच्या आधी.

मसाला करून ठेवायचा असेल तर सुंठ २५ ग्रॅम, वेलची १५, मिरी ८, दालचिनी ५, लवंग ३ आणि पाव जायफळ. दोन कपांना पाव चमचा. हा मसाला पुडीच्या डब्यात मिसळून ठेवू नका. दोघांचाही वास जातो आणि प्रमाण हातात राहत नाही.

११. टपरीसारखा किंवा अमृततुल्यसारखा चहा घरी होत का नाही?

प्रमाणच वेगळं असतं. तिथं दूध निम्मं किंवा जास्त, साखर कपाला दोन चमच्यांपर्यंत आणि दूध घातल्यावरही चहा बराच वेळ उकळत असतो. त्यानं दुधातलं पाणी आटतं, दूध किंचित खरपूस होतं आणि ती ओळखीची दाट गोडी येते. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी रुजवलेल्या अमृततुल्यांत कल्हईचं पितळी पातेलं, ताजी ठेचलेली वेलची-आलं आणि गाळायला फडकं, हा सगळा थाट त्या चवीचा भाग आहे.

घरी असं करा: पाणी सव्वा कप, फुल क्रीम दूध दीड कप, पूड अडीच चमचे, साखर ४ चमचे, दोन वेलच्या, आलं. दूध घातल्यावर मध्यम आचेवर चार मिनिटं, ओगराळ्यानं उंचावरून ओतत. ओतण्यानं चहा उतू जात नाही आणि साय धरत नाही. स्वच्छ सुती फडक्यातून गाळून चोथा पिळा. प्रश्न ३ मधला वेळेचा नियम इथं थोडा वाकतो, कारण एवढं दूध टॅनिनला सांभाळून घेतं. पाणी जास्त असलेला चहा असा उकळू नका. पितळी पातेलं वापरणार असाल तर कल्हई शाबूत हवी.

१२. चहावर तेलासारखा तवंग येतो. पूड भेसळीची आहे का?

बहुतेक वेळा नाही. बोअरचं किंवा जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात. कोऱ्या चहात तो फुटलेल्या काचेसारखा दिसतो आणि कपाला कडं पडतं. लिंबाचे चार थेंब टाकले की निघून जातो, ही त्याची खूण. उपाय म्हणजे पाणी आधी उकळून, निवळून, वरचं घेणं किंवा गाळणयंत्राचं पाणी वापरणं. भेसळीची चाचणी प्रश्न २३ मध्ये आहे.

१३. कोरा चहा आणि दार्जिलिंग कसा करायचा?

इथं पातेल्यात उकळायचं नाही. १८० मिली पाण्याला २ ते अडीच ग्रॅम पान. सपाट चमच्याच्या मापावर जाऊ नका, पान फुगीर असतं. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून पानांवर ओता, झाकण ठेवा, तीन ते चार मिनिटांनी पूर्ण गाळून घ्या. पानं कपातच राहिली तर शेवटचा घोट कडू लागणारच. मार्च-एप्रिलचा पहिला बहर फिकट आणि फुलांच्या वासाचा असतो, त्याला तीन मिनिटं पुरतात. मे-जूनचा दुसरा बहर चार मिनिटं सोसतो. दोन्हींत दूध नको.

सीटीसीचा कोरा चहा करायचा तर कपाला अर्धा चमचा, दोनच मिनिटं. लिंबू पिळल्यावर रंग एकदम फिका होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात.

१४. ग्रीन टी इतका कडू का लागतो?

उकळतं पाणी ओतल्यामुळे. त्याला ७५ ते ८० अंश पुरतात. थर्मामीटर नको: तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पिण्याचं पाणी एकत्र केलं की जवळपास ८० अंश होतं. २ ग्रॅम पान, १८० मिली पाणी, दोन मिनिटं. तीच पानं दुसऱ्यांदा चालतात.

१५. महाबळेश्वरला चहाची पिशवी बुडवून केलेला चहा फिका लागतो. भास आहे का?

भास नाही. साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. पिशवी एक मिनिट जास्त ठेवा आणि कपावर बशी झाका. गॅसवर उकळून केलेल्या दुधाच्या चहात हा फरक जाणवत नाही.

१६. बर्फाचा चहा घरी नेहमी पाणीदार होतो. प्रमाण सांगा.

बर्फ वितळतो तेही पाणीच, ते हिशोबात धरलेलं नसतं. गरम चहा पूर्ण गार करायला जवळपास त्याच्याच वजनाचा बर्फ लागतो आणि तो सगळा चहात उतरतो. म्हणून चहा दुप्पट कडक करायचा.

३०० मिलीचे दोन ग्लास हवेत तर ३०० मिली उकळतं पाणी आणि ८ ग्रॅम पान घ्या, झाकून चार मिनिटं ठेवा. सीटीसी असेल तर ६ ग्रॅम, तीन मिनिटं. गाळा. साखर घालायची तर आत्ताच, गरम असताना, ४ ते ५ चमचे. स्टीलच्या भांड्यात ३०० ग्रॅम बर्फ, म्हणजे घरच्या ट्रेचे साधारण १५ ते १८ खडे घेऊन त्यावर चहा सरळ ओता आणि ढवळा. अर्ध्या मिनिटात हाताला गार लागतो. ग्लासात एक-दोन नवे खडे टाकून वाढा. काचेच्या ग्लासात गरम चहा ओतू नका, तडा जातो.

इथंही प्रश्न ३ चाच नियम: दुप्पट कडक म्हणजे दुप्पट पान, दुप्पट वेळ नव्हे. जास्त वेळ ठेवलेला चहा गार झाल्यावर आणखीच तुरट लागतो.

१७. गार पाण्यात रात्रभर भिजवून चहा होतो म्हणतात. खरंच?

होतो आणि उन्हाळ्यात तो सगळ्यात मऊ लागतो, कारण गार पाण्यात टॅनिन कमी उतरतं. एक लिटर पाण्याला ८ ते १० ग्रॅम पान, झाकण, फ्रिजमध्ये ८ ते १० तास, मग गाळा. सीटीसीला ६ ग्रॅम आणि पाच-सहा तास पुरतात, त्याहून जास्त ठेवली तर गाळ उरतो. बर्फ घालणार नसाल तर हेच प्रमाण, घालणार असाल तर पान दीडपट.

दोन गोष्टी सोडू नका. पाणी उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलंच हवं, कारण या पद्धतीत जंतू मारणारी उष्णता कुठंच नाही. आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवून चहा करू नका. ऊन पाणी फक्त कोमट करतं आणि कोमट पाण्यात जंतू वाढतात. तयार चहा दोन दिवसांत संपवा.

१८. फ्रिजमध्ये ठेवलेला कोरा चहा गढूळ झाला. टाकून द्यायचा का?

नाही. चहातली रंगद्रव्यं आणि कॅफिन गार झाल्यावर एकमेकांना धरतात आणि दुधट दिसतात. चव तीच असते. थोडं उकळतं पाणी घालून ढवळलं की बराचसा निवळतो. पुढच्या वेळी चहा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा. जड पाण्यानं आणि कडक आसामनं गढूळपणा वाढतो. निलगिरीचा चहा गार झाल्यावरही स्वच्छ राहण्यासाठी नावाजलेला आहे, बर्फाच्या चहाला तो घ्या. किंवा प्रश्न १७ ची पद्धत वापरा. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा असेल तर मात्र ओतून द्या.

१९. गार चहात लिंबू, कोकम, सब्जा, दूध यातलं काय आणि किती?

लिंबू: ३०० मिलीच्या ग्लासाला २ चमचे रस, चहा गार झाल्यावर. बी आणि पांढरी साल आत राहिली तर कडू लागतं.

कोकम: गोड अमृत कोकम ग्लासाला २ ते ३ चमचे घाला आणि चहातली साखर कमी करा. आगळ वापरत असाल तर ते खारट असतं, एकच चमचा. जिऱ्याची चिमूटभर पूड छान लागते.

सब्जा: एक चमचा बी अर्ध्या वाटी पाण्यात १५-२० मिनिटं भिजवून मग चहात. कोरडं बी थेट टाकलं तर गोळे होतात.

साखर गार चहात विरघळत नाही, तळाशी बसते. समान मापाचं साखर-पाणी उकळून केलेला पातळ पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, ग्लासाला ३-४ चमचे.

दूध: अर्धा कप दुप्पट कडक चहा गार करून त्यात अर्धा कप तापवून गार केलेलं दूध, पाक आणि बर्फ. दूध असेल तिथं लिंबू आणि कोकम नको, कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

२०. थर्मासमधला चहा दोन तासांनी वेगळाच लागतो. परत गरम करून चालतो का?

थर्मासमध्ये तो शिजतच राहतो. आधी थर्मास उकळत्या पाण्यानं धुऊन गरम करा, चहा पूर्ण गाळूनच भरा, आलं किंवा पातीचे तुकडे आत जाऊ देऊ नका आणि दोन तासांत संपवा. प्रवासाला जायचं असेल तर कोरा चहा एका थर्मासात आणि गरम दूध दुसऱ्यात. बाहेर दोन तासांहून जास्त राहिलेला दुधाचा चहा परत तापवून पिऊ नका. चोथ्यासकट परत उकळला तर चवीचंही काही उरत नाही.

२१. हळदीकुंकवाला २५ जणींचा चहा एकदम करायचाय. आणि परदेशातल्या दुधात चहा जमत नाही, त्याचंही सांगा.

२५ छोटे कप (साधारण ९० मिलीचे): पाणी पावणेदोन लिटर, दूध एक लिटर, पूड ३५ ते ४० ग्रॅम, साखर १०० ते १२० ग्रॅम, आलं ३० ग्रॅम. दोन कपांच्या हिशोबानं गुणाकार केला तर पूड ४५ ग्रॅमवर जाते, पण तेवढी घालू नका. मोठं पातेलं उष्णता धरून ठेवतं, उकळी यायलाही वेळ लागतो, त्यामुळे पूड जास्त उतरते. पाहुणे यायच्या आधी कोरा भाग करून गाळून ठेवा, ऐन वेळी गरम दूध घालून एक उकळी आणा.

परदेशात दूध पातळ असतं. तिथलं होल मिल्क साधारण सव्वातीन ते साडेतीन टक्के फॅटचं, म्हणजे आपल्या टोन्डच्या जवळपास. दूध एक कप घ्या आणि दर कपाला एक चमचा दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून मिसळा. थेट चहात टाकली तर गुठळ्या होतात. ब्रिटनमधल्या चहाच्या पिशव्यांत बहुधा केनिया आणि आसामची सीटीसीच असते. दोन कपांना दोन पिशव्या फोडून पूड पातेल्यात घातली तर ओळखीचा चहा होतो.

२२. पावसाळ्यात पुडीचा दम जातो. साठवायची कशी?

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा पत्र्याच्या डब्यात, शेगडीपासून आणि मसाल्यांपासून दूर. चहापूड ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. हिंगाच्या डब्याशेजारची पूड चहात ओळखू येते. आठवड्याची पूड छोट्या बरणीत काढा, मोठा डबा उघडू नका. वाफेवर चमचा धरून तोच डब्यात घालायची सवय मोडा, गुठळ्या तिथूनच होतात. फ्रिज नको. सादळलेली पूड भाजून ठीक होत नाही.

२३. पुडीत रंग किंवा लोखंडाचा कीस आहे का, घरी कसं ओळखायचं?

टिपकागदावर थोडी पूड पसरा, वर पाण्याचे थेंब शिंपडा, पूड काढून कागद धुवा आणि उजेडात धरा. चांगल्या पुडीचे फारसे डाग राहत नाहीत. कृत्रिम रंग असेल तर काळपट-तपकिरी डाग ठळक दिसतात. कीस बघायला पूड ताटलीत पसरून वरून लोहचुंबक फिरवा.

२४. जेवल्यावर लगेच चहा घेऊ नये म्हणतात, ते कितपत खरं?

खरं आहे. टॅनिन जेवणातलं, विशेषतः भाजी-डाळीतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे आणि दिवसभराचं कॅफिन ३०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला. १५० मिली चहात साधारण ३० ते ६५ मिलीग्रॅम असतं. रक्त कमी असलेल्यांनी हे एका तासाचं अंतर काटेकोर पाळावं. गरोदरपणी किती चालेल ते डॉक्टरांना विचारा.

२५. चोथा गुलाबाला घालावा का?

दूध-साखर असलेला तसाच घालू नका, मुंग्या लागतात आणि मातीवर पांढरी बुरशी धरते. गाळण्यातच दोन-तीन पाणी देऊन धुवा, उन्हात वाळवा, मग कुंडीच्या मातीत महिन्यातून एकदा मूठभर मिसळा. कोऱ्या चहाचा चोथा न धुता वाळवला तरी चालतो.